सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कळसूबाईला जावे की हरिश्चंद्रगडाला?

तुम्ही विचारले आहे की मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दहाचा आहे, ऑगस्टमधले दोन दिवस हाताशी आहेत, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील कोणती वाट कुटुंबाला झेपेल. तुमच्या प्रश्नाखाली आलेल्या तीन उत्तरांनी कळसूबाई सुचवले आहे, आणि त्यांतील एकाने ‘शिड्या आहेत, रेलिंग आहे, लहान मुलेही सहज चढतात’ असे लिहिले आहे. ते ‘सहज’ वाचून मला हे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. सहा वर्षांच्या मुलीला ऑगस्टच्या रविवारी कळसूबाईला नेऊ नये. मी नेले होते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही नाशिकहून, साडू ठाण्याहून, अशी दोन कुटुंबे सकाळी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात भेटलो. बेत साडूंचा होता. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, मुलांच्या पायाखाली एकदा आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यात मला त्या वेळी काही गैर वाटले नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढाई आठशे मीटरांच्या आसपास आहे, ही गोष्ट मला ठाऊक होती. पण मुलगी घरी दिवसभर उड्या मारते, तेव्हा ती चढेल, असा सोयीस्कर हिशेब मी केला होता. ती चढलीही. अडचण चढण्याची नव्हतीच.

शिड्यांच्या पायऱ्यांमधले अंतर मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या बेताने ठेवलेले आहे. सहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक पायरीला गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो, लोखंड पावसाने निसरडे झालेले असते, आणि रविवारी त्याच शिडीवर वरून उतरणारी माणसे अंग चोरून बाजूने जात असतात. माझी मुलगी रडली नाही. शेवटच्या शिडीच्या रांगेत उभी असताना ती हळूच म्हणाली, “बाबा, माझे गुडघे आपोआप हलताहेत.” मी खाली वाकून हात लावून पाहिला, तर खरोखरच ते थरथरत होते. साडू वरून ओरडले की आता एकच शिडी राहिली आहे, एवढ्यासाठी परत फिरणे म्हणजे वेडेपणा आहे. मी परत फिरलो.

उतरताना काय होते, हे त्या ‘सहज’वाल्या उत्तरात लिहिलेले नाही. शिडी उतरताना मुलाचे तोंड लोखंडाकडे असते आणि खालची पायरी त्याला दिसत नाही. पाय हवेत चाचपडत राहतो. मी तिच्या खाली दोन पायऱ्यांवर उभा राहून तिच्या बुटाची टाच एका हाताने धरत होतो, ती पायरीवर टेकवून ‘टेकला’ असे म्हणत होतो, मग दुसरा बूट, पुन्हा ‘टेकला’. माझा दुसरा हात कठड्यावर होता, म्हणजे मला स्वतःला धरायला एकच हात उरला होता. खालची रांग आमच्यासाठी थांबली होती आणि त्या रांगेतील एका गृहस्थांनी मुले आणायचीच कशाला, असा शेरा मारला. त्यांचे म्हणणे उद्धट असले तरी खरे होते.

साडू नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माथ्यावरच्या देवळापाशी पोचले, फोटो काढला आणि तो आजही त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की त्यानंतर प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात आमचा उल्लेख ‘अर्धे कळसूबाईवाले’ असा होत आला, आणि माझी मुलगी तो ऐकत मोठी झाली. शिखर गाठले नाही तर चालणे वाया गेले, हे साडूंचे मत मला तेव्हाही पटले नव्हते, फक्त त्या वेळी मला उत्तर सुचले नव्हते.

ते सुचले पुढच्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावी. तुम्हाला माझा सल्ला हाच आहे: हरिश्चंद्रगड, आणि तोही पाचनईच्याच वाटेने. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे आणि तिच्यावरचा कातळटप्पा मुलांसाठी नाही. घळीतून चढणाऱ्या अवघड नळीच्या वाटेचा तर विचारही करू नका. पाचनईची वाट गावातून चढून कातळाच्या पुढे आलेल्या छताखालून जाते, मग ओढा ओलांडते आणि पुढे बराच वेळ झाडीतून व पठारावरून हळूहळू वर नेते. मोठ्यांना दोन-अडीच तास लागतात. आम्हाला साडेतीन लागले, कारण ओढ्याकाठी एका चपट्या दगडाखाली मुलीला खेकडा दिसला. तो आत शिरला की ती बसून राहायची, बाहेर आला की मला बोलवायची, आणि हे अर्धा तास चालले. मी घड्याळाकडे पाहत होतो खरा, पण तिला उठवले नाही. निघतानाच आम्ही घरातल्या सर्वांना मोठ्याने सांगून ठेवले होते की बारा वाजता जिथे असू तिथे डबा उघडायचा आणि तिथूनच परत फिरायचे. वेळ आधी ठरलेली असली की वाटेत कोणाशी वाद घालावा लागत नाही. साडूंसोबत आम्ही नेमके हेच ठरवले नव्हते.

बाराच्या आत आम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचलो. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. मधोमध मोठे शिवलिंग, भोवती कमरेहून अधिक खोल गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चौथा खांब पडला की कलियुग संपेल, असे तिथे सांगतात. मुलीने कडेला बसून पाण्यात पाय घातले, ताबडतोब बाहेर काढले आणि उरलेल्या खांबाला कोणी हात लावू नये, असे तिथल्या सर्व अनोळखी माणसांना बजावले. गडाच्या टोकाच्या उभ्या कोकणकड्यापर्यंत आम्ही गेलो नाही. देवळापासून ते अर्ध्यापाऊण तासाचे अंतर आहे, आणि ते कापले असते तर उतरताना ऊन कललेले असते. म्हणजे पुन्हा ‘अर्धा’ हरिश्चंद्रगड. उतरल्यावर पाचनईत एका घरी पिठले-भाकरी खाल्ली आणि मुलगी ताटावरच पेंगली.

आता तुमच्या ऑगस्टविषयी, जे खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते. वर लिहिलेले सगळे नोव्हेंबरचे आहे. ऑगस्टमध्ये त्याच कातळछतावरून पाण्याचा पडदा पडतो, ते दृश्य सुंदर असते, पण ओढा तासाभरात वाढू शकतो आणि सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी परत येऊ देईलच असे नाही. पठारावर धुके उतरले की वाट सापडत नाही, म्हणून पावसाळ्यात जायचेच असेल तर पाचनईतील एखादा वाटाड्या पैसे देऊन सोबत घ्या आणि तो नको म्हणाला तर गावातूनच परत फिरा. धुक्यात मुलांना कोकणकड्यावर नेऊ नका. तो कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, मोठी माणसेही पोटावर झोपून खाली पाहतात. दिवाळीनंतरपर्यंत थांबता आले तर थांबाच. थांबणे शक्य नसेल तर रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीला जा, अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आणि त्याची पुष्करणी पाहा आणि भंडारदरा धरणाच्या काठाने फिरा. वरच्या रतनगडाच्या शिड्यांबद्दल मात्र माझे मत कळसूबाईसारखेच आहे. त्याच भागातली अरुंद सांधण दरीही कोणी सुचवेल, पण ती पावसाळ्यात पाण्याची वाट असते, ती माणसांची नसते.

साडूंचा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे आणि त्या फोटोनंतर तो एकाही डोंगरावर गेलेला नाही. या गोष्टीचा कळसूबाईशी संबंध जोडणे योग्य नाही, हे मला कळते. तरी तो जोडावासा वाटतो. माझी मुलगी दर हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर जाते आणि माथा गाठला की नाही, हे मला विचारल्याशिवाय सांगत नाही.

तुमच्या दहा वर्षांच्या मुलाचे राहिलेच. त्याला कळसूबाई हवे असणार, आणि त्या वयात ते झेपतेही. तुम्हा दोघांपैकी एकाने त्याला पाऊस संपल्यावर आडवारी, म्हणजे शनिवार-रविवार टाळून, पहाटे बारीहून न्यावे आणि माथ्यावर फोटोही काढावा. फक्त तो घरच्या मंडळींना पाठवताना धाकटी कुठपर्यंत आली होती, हे त्याखाली लिहू नका.