जखम भरली, पण पाठ दुखतेच आहे

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) फणस काढताना माझे दीर झाडावरून पडले आणि कुंपणाचा तासलेला बांबू त्यांच्या कमरेच्या वर पाठीत घुसला. जखम धुऊन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले. जखम भरली; मात्र तीन आठवड्यांपासून पाठ दुखते, रात्री अधिकच. ताप नाही, एक्स-रे चांगला आहे. फार्मसीतून दोनदा अँटिबायोटिक आणले, तेव्हा तात्पुरते बरे वाटले. त्यांना मधुमेह आहे. हा मुका मारच असेल ना? (एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर: मुका मार असता तर एव्हाना दुखणे उतरणीला लागले असते. पडून राहिल्यावरही न थांबणारी, वाढत जाणारी वेदना, खोल जखम आणि मधुमेह हे तिन्ही एकत्र आल्यावर मणक्याच्या हाडात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे तपासलेच पाहिजे. धनुर्वाताची लस या संसर्गाला अडवत नाही. वरची कातडी सांधली तरी बांबूबरोबर आत गेलेले जंतू हाडाशी तग धरू शकतात. मणक्यांमधल्या चकतीला प्रौढपणी जवळजवळ रक्तपुरवठा नसल्याने तिथे औषधही नीट पोहोचत नाही. बांबूची कुसळे एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत आणि हाडातले बदल दिसायलाही काही आठवडे लागतात, म्हणून त्या चांगल्या एक्स-रेवर मी विसंबणार नाही. ताप तर अनेक रुग्णांना येतच नाही.

ईएसआर व सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) आणि एमआरआय करून घ्यावे. संशय बळावल्यास सुईने हाडाचा नमुना घेतात. त्यावरून जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे कळते. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळतो, त्यामुळे त्याचीही तपासणी त्याच नमुन्यावर व्हावी. मनाने घेतलेल्या अँटिबायोटिकने घोटाळा होतो तो इथेच: जंतू दबतात, मरत नाहीत आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. त्या गोळ्या पुन्हा आणू नका. आधी घेतलेल्यांची नावे मात्र डॉक्टरांना सांगा. निदान झाल्यास अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे चालते, क्षयाचे उपचार कित्येक महिने. कुसळ किंवा पू आत असल्यास शस्त्रक्रियाही लागू शकते.

पायांत बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) तातडीच्या विभागात न्यावे. टाके घातले तेव्हाची कागदपत्रे सोबत असू द्या.