पाणी उंबऱ्याशी यायच्या आत

प्रश्न : आम्ही कुर्ल्यात मिठी नदीजवळच्या चाळीत तळमजल्यावर राहतो. नदी फुगली की पालिकेची माणसं शाळेत हलायला सांगतात. सासूबाई ७८ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात, इन्सुलिनवर आहेत. दरवेळी आमची तारांबळ उडते आणि त्या ‘मी नाही येत’ म्हणून बसून राहतात. तयारी कशी करू?

उत्तर : ताई, २६ जुलै २००५ ला आम्ही कलिन्यात तळमजल्यावरच होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मागाहून कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर येतंय. कागदपत्रं लाकडी कपाटाच्या खालच्या खणात. लाकूड फुगलं, खण उघडेना. गुडघाभर पाण्यात मी फटीत उलथनं घालून ओढतेय आणि सासरे पलंगावर पाय घेऊन बसलेले. रेशनकार्डाचा लगदा झाला.

म्हणून सॅक आजच भरा आणि दाराजवळ उंच खिळ्याला टांगा. पोटमाळ्यावर नको. पाठीवरचीच घ्या, सासूबाईंना धरायला दोन्ही हात लागतील. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, शिवाय टॉर्च, पॉवर बँक, सुट्टे पैसे, औषधांची चिठ्ठी. इन्सुलिन फ्रिजमध्येच राहणार, म्हणून सॅकच्या बंदाला ‘इन्सुलिन’ लिहिलेला कागद पिनेने लावा. थर्मासमधून नेताना ते बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की टाकूनच द्यावं लागतं. ग्लुकोजचा पुडा विसरू नका. शाळेत जेवण कधी येईल याचा नेम नाही, आणि इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते.

निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करा. पाणी घरात शिरलं असेल तर मात्र स्विचला हात लावायला जाऊ नका.

भरतीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाट नसते. त्या दिवशी कुणी सांगायची वाट न बघता सासूबाईंना सकाळीच हलवा. अडलं तर पालिकेचा मदतीचा फोन नंबर १९१६ आहेच.

आता त्यांचं ‘नाही येत’. आमचे सासरेही असेच हटून बसले होते. घराची ओढ, असं आम्ही धरून चाललो. दोन वर्षांनी बोलता बोलता म्हणाले, ‘तिथे संडासाला कसं बसणार होतो मी?’ गुडघे वाकत नव्हते आणि सुनेला सांगायची लाज! तुमच्या सासूबाईंना तुम्ही नको, त्यांच्या लेकीला विचारू दे. कोरड्या दिवशी त्यांना ती शाळा दाखवून आणा. कमोडची घडीची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. ती कोण उचलणार, वॉकर कोण घेणार, हे जेवताना सगळ्यांदेखत ठरवून टाका. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मात्र त्यांच्याच हातात द्या.