सिल्डेनाफिल की टॅडालाफिल? ताठरतेच्या गोळ्यांत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 48, 7 वर्षांपासून मधुमेह, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल 50 मिलिग्रॅम लिहून दिली, दोनदा घेतली, गुण आला नाही. मित्र म्हणतो टॅडालाफिल जास्त 'पॉवर'ची आहे. बदलावी का?

त्याआधी मला एक सांगा, गोळी जेवणानंतर किती वेळाने घेतली होती? 'लागू पडली नाही' अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा घोळ तिथेच असतो. रिकाम्या पोटी घेतलेलं सिल्डेनाफिल साधारण तासाभरात रक्तात पूर्ण चढतं. तेलकट-तुपकट जेवणावर घेतलं तर ते आणखी तासभर उशिरा चढतं, आणि चढतं तेही जवळजवळ 30 टक्के कमी. म्हणजे साडेनऊला मटण-भाकरी, दहाला गोळी आणि साडेदहाला खोलीत, असा कार्यक्रम असेल तर औषधाची खरी वेळ बाराच्या सुमारास येते. तोवर माणूस निराश होऊन झोपलेला असतो आणि सकाळी वाट्याला येतं फक्त जड डोकं. आठच्या आत हलकं जेवा आणि दहाला गोळी घ्या, किंवा गोळी आधी आणि जेवण नंतर. परिणाम साधारण 4 तास टिकतो, त्यामुळे घड्याळाकडे बघत घाई करण्याचं कारण नाही.

दुसरी चूक म्हणजे गोळी घेऊन वाट बघत बसणं. इच्छा, स्पर्श, जवळीक झाली की लिंगातल्या नसांमधून (म्हणजे मज्जातंतूंमधून) नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी नावाचं द्रव्य तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. पीडीई-5 हे एन्झाइम ते सीजीएमपी मोडत असतं. या सगळ्या गोळ्या त्या एन्झाइमला अडवतात, बस. टाकीत पाणी तुम्हालाच सोडायचं आहे, गोळी फक्त गळती बंद करते. मन दुसरीकडे असेल, भांडण झालेलं असेल, तर 100 मिलिग्रॅमही काही करणार नाही. मधुमेहात नसाच कमकुवत झालेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणीच कमी पडतं. म्हणूनच मधुमेह्यांना बऱ्याचदा 50 पुरत नाही आणि डॉक्टर 100 पर्यंत नेतात. योग्य पद्धतीने, वेगवेगळ्या दिवशी, पूर्ण डोसवर किमान 6 वेळा घेऊन पाहिल्याशिवाय औषध फेल गेलं असं म्हणत नाहीत. तुमचे प्रयत्न दोनच झालेत. मात्र एका दिवसात एकच गोळी. पहिली चालली नाही म्हणून तासाभराने दुसरी, हे करू नका.

आता मित्राचं म्हणणं. टॅडालाफिल जास्त ताकदीचं नाही, जास्त टिकणारं आहे. रक्तातलं सिल्डेनाफिल निम्मं व्हायला सुमारे 4 तास लागतात, टॅडालाफिलला साडेसतरा. म्हणून त्याचा परिणाम 36 तासांपर्यंत मिळतो असं म्हणतात. याचा अर्थ 36 तास ताठरता राहते असा नाही, त्या काळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं इतकाच. मिलिग्रॅमचे आकडेही एकमेकांशी ताडू नका, टॅडालाफिलचे 20 म्हणजे पूर्ण डोस आणि सिल्डेनाफिलचे 100 म्हणजे पूर्ण डोस. टॅडालाफिलला जेवणाचा फरक पडत नाही, ही त्याची मोठी सोय. चढायला मात्र साधारण 2 तास धरा.

त्याचा एक दुसरा प्रकार मला तुमच्यासारख्यांसाठी जास्त पटतो: रोज ठरलेल्या वेळी 5 मिलिग्रॅम. चार-पाच दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते आणि 'आज गोळी घेऊ का' हा प्रश्नच उरत नाही. आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा संबंध येत असतील तर हे बरं पडतं. प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल, तर हीच 5 मिलिग्रॅमची गोळी त्यावरही चालते. अमेरिकेत 2011 पासून तिला त्यासाठी मान्यता आहे. महिन्यातून एखाद्या वेळीच गरज असेल तर मात्र रोज औषध पोटात घालण्यात अर्थ नाही.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी हे त्रास दोन्हींत होतात. सिल्डेनाफिलचा खास त्रास म्हणजे थोडा वेळ सगळं निळसर दिसणं, कारण ते डोळ्याच्या पडद्यातल्या पीडीई-6 या तशाच एन्झाइमलाही थोडं अडवतं. टॅडालाफिलचा खास त्रास म्हणजे कंबर आणि मांड्या दुखणं, तेही बहुधा 12 ते 24 तासांनी. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या कंबरदुखीचा गोळीशी संबंध अनेकांच्या लक्षातच येत नाही. आणि औषध जितकं टिकतं तितका त्रासही रेंगाळतो. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी म्हणूनच आधी सिल्डेनाफिल बरं म्हणतो: नाही सोसलं तर रात्रीत उतरतं.

याच गटात आणखी दोन गोळ्या आहेत. व्हार्डेनाफिल जवळपास सिल्डेनाफिलसारखंच, डोस 10 किंवा 20, जड जेवणाने तेही मंदावतं. हृदयाची लय बिघडण्याचा त्रास असेल तर ते टाळतात. अव्हानाफिल सगळ्यात झटपट, 100 किंवा 200 मिलिग्रॅम घेतल्यावर पंधरा मिनिटांतही चालू लागू शकतं. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये दोन्ही कमी दिसतात. सहज मिळतात त्या सिल्डेनाफिलच्या मॅनफोर्स, सुहाग्रा, पेनेग्रा आणि टॅडालाफिलच्या मेगॅलिस, टॅडासिप वगैरे. नावापेक्षा गोळ्यांच्या स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचा, कारण त्याच रांगेत सिल्डेनाफिल अधिक डॅपोक्सेटिन अशी जोडगोळीही असते. डॅपोक्सेटिन शीघ्रपतनासाठी आहे. तुम्हाला तो त्रास नसेल तर फुकट चक्कर आणि मळमळ पदरात पडते.

आता ज्यात चूक चालतच नाही ते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, रोजची मोनोट्रेट, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा पॅच, निकोरँडिल, यांपैकी काहीही चालू असेल तर या चारपैकी एकही गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब असा कोसळतो की माणूस शुद्धीवर राहत नाही, जीवही जाऊ शकतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: गोळी घेतली आणि नंतर छातीत दुखू लागलं, तर घरातली कुणाची तरी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या, न लाजता, कोणती गोळी कधी घेतली ते सांगा. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टॅडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या गटातली औषधं, देत नाहीत. बायकोसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर तिला बाहेर थांबायला सांगा, पण डॉक्टरांना सांगाच.

टेल्मिसार्टनची अडचण नाही, थोडी जास्त चक्कर येऊ शकते एवढंच. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्रॅझोसिन चालू असेल तर सिल्डेनाफिलची सुरुवात 25 ने करतात. नायट्यासाठी हल्ली इट्राकोनाझोल आठवडेच्या आठवडे दिलं जातं, त्याचा इथे संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. पण ते यकृतात या गोळ्यांचं विघटन रोखतं, आणि मग 50 घेतलेल्याला 100 घेतल्यासारखा त्रास होतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. दारूचा एखादा पेग चालतो, चार-पाच झाले की बीपीही पडतं आणि ताठरताही.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलपासून लांब राहा. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं वारंवार पकडलं गेलं आहे, आणि किती मिसळलंय हे बनवणाऱ्यालाही नीट माहीत नसतं.

सहा वेळा नीट घेऊनही काही झालं नाही, तर ब्रँड बदलत बसू नका. एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर गोळ्या अर्धवटच चालतात. ईसीजीही काढा, कारण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असतात आणि चरबीचा थर तिथे आधी जाणवतो. दोन जिने न थांबता चढताना छाती भरून येत असेल तर गोळी थांबवा, आधी हृदयाचे डॉक्टर. सगळं ठीक असूनही गोळ्यांनी भागलं नाही तर यूरोलॉजिस्टकडे व्हॅक्यूम पंप आणि लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन हे पर्याय आहेत.

ताठरता 4 तासांनंतरही उतरली नाही, मग दुखत असो वा नसो, तर बर्फ लावत सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा, तिथे सुईने साचलेलं रक्त काढतात. उशीर झाला तर आतल्या स्नायूंना कायमची इजा होते, आणि मग कुठलीच गोळी उपयोगाची राहत नाही. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तरी तेच: गोळी बंद, थेट हॉस्पिटल.