‘मी त्याला सोडवीन’ म्हणणारी मुलगी आणि एक जुना चित्रपट

समुपदेशकाकडे लोक नवऱ्याची, सासूची, मुलांची तक्रार घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात एक आई चक्क चित्रपटाची तक्रार घेऊन आल्या. त्यांची तेवीस वर्षांची मुलगी, अॅनिमेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून पुण्यातच नोकरीला लागलेली, ‘सिड अँड नॅन्सी’ नावाचा इंग्रजी चित्रपट महिन्याभरात चार-पाच वेळा पाहत होती. त्यातल्या एका दृश्याचे पोस्टर तिने पलंगाच्या वर चिकटवले होते. आणि ती ज्या मुलाबरोबर फिरते तो ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनचाच एक अशुद्ध प्रकार, घेतो हे घरात नुकतेच, तेही परक्या माणसाच्या तोंडून, कळले होते. आईच्या मनात या तिन्ही गोष्टींची साखळी पक्की झाली होती. “मॅडम, तो सिनेमा बघूनच तिला हे खूळ लागलंय. तो कसा बंद करायचा, तेवढं सांगा.”

ही हकिकत मी त्या मुलीच्या परवानगीने लिहीत आहे, आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत.

आईची काळजी नवीन नाही. गाणी, मालिका, मोबाईलवरच्या चित्रफिती यांनी मूल बिघडते का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. पोस्टर काढल्याने मुलगी परत येणार नाही, एवढेच मी त्या दिवशी म्हणाले, आणि मुलीची इच्छा असेल तरच तिला पाठवा, असे सांगितले. ती सज्ञान असल्यामुळे तिच्याशी होणारे बोलणे घरी कळवले जाणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केले. आईला ते रुचले नाही. मी मात्र त्या आठवड्यात तो चित्रपट मुद्दाम पाहिला.

चित्रपट १९८६ सालचा, दिग्दर्शक अॅलेक्स कॉक्स. ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या पंक रॉक वाद्यवृंदातला बास गिटार वाजवणारा सिड व्हिशस आणि त्याची अमेरिकन प्रेयसी नॅन्सी स्पंजन यांची ती खरी गोष्ट. सिडची भूमिका गॅरी ओल्डमनने आणि नॅन्सीची क्लोई वेबने केली आहे. दोघेही हेरॉइनच्या आहारी गेलेले होते. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच वाद्यवृंद फुटला आणि त्यानंतर काही महिन्यांनी हे जोडपे न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात राहायला गेले. १२ ऑक्टोबर १९७८ रोजी तिथल्या शंभर क्रमांकाच्या खोलीच्या न्हाणीघरात नॅन्सी पोटात सुऱ्याचा वार झालेल्या अवस्थेत मृत सापडली. ती वीस वर्षांची होती. सिडवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला, पण खटला उभा राहण्यापूर्वीच तो गेला, त्यामुळे त्या रात्री खोलीत नेमके काय झाले याचा न्यायालयात कधी निकाल लागला नाही. चित्रपटात नशेतल्या झटापटीत सुरा लागतो असे दाखवले आहे. तो दिग्दर्शकाचा तर्क आहे.

मुलगी पुढच्या आठवड्यात स्वतःहून आली. पोस्टरवरचे दृश्य कोणते, हे मी तिला विचारले. गल्लीत एका कचऱ्याच्या डब्याशेजारी ते दोघे एकमेकांना बिलगून उभे आहेत आणि वरून संथ गतीने कचरा बरसतो आहे, ते. दृश्य खरोखर सुंदर आहे, हे मी मान्य केले, कारण समोरच्या माणसाला जे सुंदर वाटते त्याला घाण म्हणून संवाद सुरू करता येत नाही, हे मी बऱ्याच चुकांनंतर शिकले आहे. मग ती मोकळी झाली. नॅन्सीला सगळे दोष देतात याचा तिला राग होता. तिथल्या वर्तमानपत्रांनी तिला ओंगळ म्हणून हिणवले, वाद्यवृंदातल्या मुलांनी तिच्यावर खापर फोडले, आणि इथे त्या मुलाची आई हिला म्हणते, “तू आल्यापासून त्याचं जास्त झालंय.” वास्तविक त्याचे व्यसन हिच्या ओळखीआधी दोन वर्षे जुने होते. मला जे हवे होते ते पहिल्याच तासाभरात हाती आले. हा चित्रपट तिला नशेकडे ओढत नव्हता. आपल्यावर येऊ घातलेल्या दोषाला तिला त्यात सोबत सापडली होती.

दुसऱ्या भेटीत तिने सांगितलेली गोष्ट ऐकून मी क्षणभर गप्प झाले. मुलाच्या मावशीने तोडगा सुचवला होता: दिवाळीच्या आत साखरपुडा उरकून घ्या, लग्न झाले, जबाबदारी अंगावर आली की आपोआप सुटेल. आणि ही मुलगी, जी लग्नसंस्थेवर तासभर टीका करू शकते, या प्रस्तावाला मनातून राजी होती. “मी त्याला सोडवीन. त्याचं माझ्यावर खरंच प्रेम आहे,” ती म्हणाली.

आता यात मला कोणता चित्रपट दिसावा? आईला धास्ती होती ती टोकदार केसांच्या, कातडी जाकिटातल्या परदेशी मुलाची. पण प्रेमाच्या जोरावर माणूस व्यसनातून बाहेर काढता येतो ही समजूत लंडनच्या गल्लीतून आलेली नाही. ती आपल्याच ओसरीवर मांडी घालून बसलेली आहे. दारूड्या मुलाला ‘दोनाचे चार हात’ करून सुधारू पाहणारी किती घरे आपण पाहिली आहेत! ज्या १९८६ साली हा चित्रपट आला त्याच साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, आणि गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, साथीच्या त्या दिवसांत उपचाराला येणाऱ्यांच्या मागे अनेकदा अशीच, सुधारेल या आशेवर लग्न लावून दिलेली, बायको उभी असायची. मावशीचा सल्ला आणि पोस्टरवरचा कचऱ्याचा पाऊस यांच्यात मला फारसे अंतर वाटत नाही. दोन्हीकडे एका मुलीला औषधाच्या बाटलीचे काम दिलेले आहे.

हे मी तिला असे सांगितले असते तर ती उठून गेली असती. म्हणून मी एक काम दिले. तिने चित्रपट पुन्हा पाहायचा, पण वही घेऊन. दोघे एकत्र असलेल्या प्रत्येक प्रसंगापुढे लिहायचे: या वेळी ते एकमेकांकडे पाहत आहेत, की पुढच्या डोसकडे?

वही घेऊन ती आली तेव्हा पहिली दोन पाने गच्च भरलेली होती आणि नंतरच्या पानांवर तेच ते शब्द होते: पैसे, वाट पाहणे, भांडण, झोप. एका ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती. चेल्सी हॉटेलच्या खोलीला आग लागते आणि हे दोघे पलंगावर पडून ज्वाळांकडे नुसते बघत राहतात. चार-पाच वेळा पाहूनही तो प्रसंग तिला आठवत नव्हता. मग मी म्हणाले, वहीच्या डाव्या बाजूला आता तुझे गेले दोन महिने लिही. ते तिथेच बसून लिहिताना तिला वेळ लागला. त्याच्या ऑफिसात ताप आल्याचे खोटे सांगितलेले तीन दिवस. ‘टर्की’, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, सुरू झाली, अंग मोडून येते आहे, हाडे दुखत आहेत म्हणून दिलेले पैसे. सिंहगडाला जायचे ठरवून गाडीतच संपलेला रविवार. त्याने शेवटचे गाणे कधी वाजवून दाखवले, हे तिला आठवेना.

ती रडली. मी तिला नाते तोडायला सांगितले नाही. तसे सांगणारे घरात पुरेसे होते, आणि तोडण्याचा आदेश मिळाला की दोघेच जगाविरुद्ध उभे आहोत ही भावना अधिक घट्ट होते. ती प्रेयसी राहू शकते, परंतु त्याची डॉक्टर, सावकार आणि वकील या तीन नोकऱ्या तिने सोडायला हव्यात, इतकेच मी म्हटले. पैसे द्यायचे नाहीत. ऑफिसात खोटे बोलायचे नाही. आणि उपचार सुरू होऊन बराच काळ लोटेपर्यंत साखरपुड्याचा विषय बंद. हे शेवटचे तिनेच त्याच्या घरी जाऊन सांगितले. मावशी दुखावल्या.

मुलगा उपचाराला तयार होण्यास आणखी सहा आठवडे गेले, त्यात पोलिसांची भीती हे एक मोठे कारण होते. अनेक कुटुंबे याच भीतीने घरातच दार लावून घेतात, म्हणून सांगते: १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यापुरते खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. कुठे जायचे हेच ठाऊक नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची नि:शुल्क मदतवाहिनी आहे. औषधांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा असतो. हेरॉइनच्या जातीच्या व्यसनात जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी अनेकांना उपयोगी पडते, आणि ती घेणे म्हणजे ‘एक व्यसन सोडून दुसरे’ नव्हे, हे त्याच्या वडिलांना पटवायला केंद्रातल्या डॉक्टरांना बरेच श्रम पडले.

तो पाच आठवडे केंद्रात होता. घरी परतण्याच्या आदल्या दिवशी मुलीचा मला फोन आला, आवाजात केवढा आनंद! मित्राच्या फ्लॅटवर सगळ्यांनी जमायचे ठरले होते, गिटार, जेवण, थोडी बिअर. योजना तिचीच होती. मी तिला त्याच संध्याकाळी बोलावून घेतले आणि चित्रपटात नीट न आलेला भाग सांगितला. नॅन्सीच्या मृत्यूनंतर जामिनावर असताना सिडने एका मारामारीत एकाला जखमी केले आणि त्याची रवानगी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात झाली. तिथे जवळजवळ दोन महिने त्याच्या शरीरातून हेरॉइन उतरले होते. १ फेब्रुवारी १९७९ रोजी तो जामिनावर सुटला. सुटकेच्या आनंदात ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका घरी त्याची आई आणि काही मित्र जमले. त्या रात्री त्याने हेरॉइन घेतले आणि २ फेब्रुवारीच्या सकाळी तो मृत सापडला. एकवीस वर्षांचा होता.

आपल्याकडच्या घरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी यावर थांबते. रोज घेणाऱ्याच्या शरीराला हळूहळू मोठ्या मात्रेची सवय होते. काही आठवडे बंद राहिले की ती सवय ओसरते, पण मनाला जुनी मात्राच आठवत असते. ती जुनी मात्रा नव्या शरीराला झेपत नाही, श्वास मंदावतो आणि थांबतो. त्यामुळे केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस हे सर्वांत धोक्याचे असतात. घरचे लोक नेमके तेव्हाच निर्धास्त होतात, पेढे वाटतात, मित्रांना बोलावतात. चित्रपटाच्या शेवटी सिड रस्त्यावरच्या मुलांबरोबर नाचतो, टॅक्सी येते, आत नॅन्सी बसलेली असते आणि तो तिच्याबरोबर निघून जातो. सिडचा मित्र आणि वाद्यवृंदाचा गायक जॉन लायडन याने हा चित्रपट हेरॉइनच्या व्यसनाचा उत्सव करतो म्हणून त्यावर कडक टीका केली होती. संपूर्ण चित्रपटाबद्दल मला तसे वाटत नाही, त्या आगीच्या प्रसंगाने माझे काम केले आहे. पण टॅक्सीपुरता लायडनचा राग मला रास्त वाटतो. श्वास थांबून मेलेल्या पोराला टॅक्सी न्यायला येत नाही.

फ्लॅटवरचा बेत तिने रद्द केला. पुढे अडीच महिन्यांनी मुलाचा पाय घसरलाच, एकदा. त्या रात्री त्याने हिला बोलावले तेव्हा ती एकटी गेली नाही. ठरल्याप्रमाणे तिने त्याच्या मोठ्या भावाला फोन केला आणि भावाने त्याला केंद्रात नेले. आता तो नियमाने फॉलोअपला जातो. दोघे भेटतात, पूर्वीपेक्षा कमी. त्यांचे पुढे काय होईल याचा अंदाज मी करत नाही, तीही हल्ली करत नाही.

आई मध्यंतरी पुन्हा आल्या. नॅन्सीच्या आईनेही पुढे १९८३ साली लेकीच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले, लहानपणापासून हाताबाहेर असलेल्या मुलीसाठी दारोदार मदत मागितल्याचे त्यात सांगितले आणि नंतर खून झालेल्यांच्या कुटुंबांसाठी काम केले, हे मी त्यांना सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी तो चित्रपट लेकीबरोबर पाहिला. शिव्या ऐकून कानांवर हात ठेवला, दोनदा उठून स्वयंपाकघरात गेल्या. नॅन्सी सिडला आपल्या आजी-आजोबांच्या घरी घेऊन जाते, सगळे टेबलाभोवती अवघडून जेवतात आणि मग पाहुण्यांना लवकर वाटेला लावतात, त्या प्रसंगाला मात्र त्या हलल्या नाहीत. “निदान त्यांनी जेवायला तरी घातलं,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी त्या मुलाला अजून कुणी जेवायला बोलावलेले नाही. पोस्टर भिंतीवरच आहे. पावसाळी ओलीने त्याची एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटली होती, ती आईनेच पुन्हा लावून दिली, असे मुलगी सांगत होती.