बाळाचे कपडे बदलायला टेबल घेऊ, की सासूबाईंचं कपाट आणू?

प्रश्न : मावशी, मला सातवा महिना चालू आहे. तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. आम्ही म्हापशाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. हे वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टमध्ये असतात, म्हणजे रात्री बऱ्याचदा मी एकटी. कमरेचं दुखणं लग्नाआधीपासूनचं आहे आणि सिझेरियन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले आहेत. म्हणून बाळाचे लंगोट-डायपर उभ्याने बदलता येतील असं टेबल घ्यायचा विचार आहे. दोन पाहिली. एक घडीचं, लोखंडी नळ्यांचं, वर कापड ताणलेलं, चाकांचं, ३,८०० रुपये. दुसरं ‘इंजिनिअर्ड वुड’चं, खाली खण असलेलं, ९,५०० रुपये. माझी तयारी पाच हजारांपर्यंतच आहे. पेडण्याहून सासूबाई म्हणतात, “टेबल कित्याक? आम्ही चार भुरगीं जमिनीवरच वाढवली. हवं तर माझं खणांचं कपाट ने.” ते कपाट फणसाचं आहे, तीन खणांचं, हिरव्या ऑइल पेंटचं. उंची ३१ इंच, लांबी ३६, खोली १८. माझी उंची पाच फूट एक इंच. काय करू?
– सौ. अ., म्हापसा

उत्तर : तू मापं कळवलीस, हे फार चांगलं केलंस. पत्र वाचून मी मोजपट्टी घेऊन उठले आणि आधी आमच्या स्वयंपाकघरातला ओटा मोजला. ३४ इंच भरला. माझी उंची साधारण तुझ्याएवढीच आहे आणि या ओट्यावर मी तासभर पोळ्या लाटल्या तरी कंबर धरत नाही. तुलाही साधारण हीच उंची लागेल. खात्री करायची असेल तर अनवाणी उभी राहा, कोपर काटकोनात वाकव, जमिनीपासून कोपरापर्यंत मोज आणि त्यातून चार इंच वजा कर. बाळ ज्या गादीवर निजणार तिचा वरचा पृष्ठभाग तिथे यायला हवा. बाजारातली टेबलं मोजताना लोक गादीची जाडी धरायला विसरतात, मग खांदे वर उचलून काम करावं लागतं.

आता सासूबाईंचं कपाट. ३१ इंच, त्यावर अर्ध्या इंचाचा प्लाय, त्यावर दीड इंचाची गादी. ३३ इंच झाले. इतकं जुळणारं माप दुकानात शोधूनही मिळणार नाही. कपाट घेऊन ये.

त्याच्या माथ्यावर सुताराकडून एक उथळ पेटी करून घे. तळ आणि चारही बाजूंना पाच इंचांच्या फळ्या. गादी दीड इंचाची म्हणजे बाळाच्या भोवती साडेतीन इंच कड उरते. दोन इंचांहून कमी कधीही चालवून घेऊ नकोस. तुझ्याकडची, पुढची बाजूसुद्धा बंद हवी. हात घालायला सोपं पडावं म्हणून पुष्कळ जण ती मोकळी ठेवतात आणि बाळ नेमकं तिथूनच खाली येतं. कडा रंध्याने गोल करून घे. पेटी मागच्या बाजूने कपाटाला पट्ट्या मारून पक्की कर आणि कपाट भिंतीला दोन एल-पट्ट्यांनी. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून भोकं पाडा, पण हे काम टाळू नकोस. वरचे दोन खण एकदम उघडले की कपाटाचा तोल पुढे जातो आणि त्या वेळी माथ्यावर बाळ असेल. जड सामान, डायपरचे गठ्ठे, सगळं तळच्या खणात ठेव. आमच्या शेजारणीने गेल्या वर्षी अशीच पेटी करून घेतली, प्लाय आणि मजुरी धरून १,८०० रुपये लागले. तुझ्या पाच हजारांतून गादी, दोन मेणकापडं आणि टेम्पोचं भाडंही निघेल.

रंगाचं मात्र मन लावून ऐक. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. सासूबाईंच्या कपाटाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, म्हणून तू स्वतः पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही आणि कोणी घासत असेल तिथे थांबायचंही नाही. रंग घट्ट बसलेला असेल तर तो न खरवडता वरून नवा रंग देऊन टाका. पापुद्रे सुटत असतील तर पेडण्याला अंगणात, रंग पाण्याने ओला करून काढायला सांग, कोरडा घासायचा नाही. खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने गोळा करून टाकायचा. खणाखाली पिठासारखा बारीक भुगा दिसतो का, तेही बघायला सांग. दिसला तर लाकडाला कीड आहे. औषध तिथेच मारून घ्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय कपाट म्हापशाला आणू नका. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरायच्या या दिवसांतच सगळं उरकलं पाहिजे. आत्ताचं ऊन पुढे मिळणार नाही.

पावसाचा विचार तू पत्रात केलेला दिसत नाही आणि गोव्यात तोच आधी करायला हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तुझं बाळ नेमकं त्याच दिवसांत येणार. ‘इंजिनिअर्ड वुड’ या नावाखाली बऱ्याचदा लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असते. दुकानात तिची कापलेली कड किंवा स्क्रूचं भोक पाहा. थर दिसले तर प्लाय, भुसा दिसला तर भुशाची फळी. तिच्यात कडेने पाणी शिरलं की ती फुगते आणि फुगली की स्क्रू सुटतात. बाळाच्या टेबलावर रोज पाणी सांडतं, शू होते. साडेनऊ हजार देऊन ती जोखीम घेऊ नकोस. पेटीसाठी प्लाय घेताना आयएस ७१० छापलेला, पाण्यात टिकणारा मागून घे. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस, पावसाचे झोत त्या बाजूने येतात आणि भिंत ओल धरते. आतल्या भिंतीला ठेव, पंख्याच्या थेट खाली नको. कापसाची गादीही नको, ती चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, वाळणार नाही. मेणकापडाचं आवरण असलेली फोमची गादी घे, वर सुती दुपटं घाल आणि दुपटी भरपूर ठेव.

घडीच्या टेबलाविषयी थोडक्यात सांगते. जागा अगदीच नसेल तर लोक घेतात. पण तुझ्याकडे घट्ट उभं राहणारं फणसाचं कपाट असताना कैचीच्या पायांवर बाळ ठेवायची गरज नाही. कापडाला झोळी पडते, सांध्यांना पावसात गंज धरतो.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं. जमिनीवर मेणकापड, त्यावर गोधडी, यासारखी सुरक्षित जागा दुसरी नाही, कारण तिथून बाळ पडूच शकत नाही. पण टाके ओले असताना दिवसातून दहा-बारा वेळा जमिनीवर बसायचं आणि उठायचं, हे त्यांनीही कोणाला सांगू नये. टेबल तुझ्या कमरेसाठी आणि टाक्यांसाठी घ्यायचं आहे, हे त्यांना सरळ सांग. कपाट त्यांचंच येतंय म्हटल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत. उलट तेल-मालिशीचं काम त्यांच्याकडे सोपव, आणि ते जमिनीवरच. तेल लावलेलं बाळ हातातून मासळीसारखं निसटतं, ते टेबलावर कधीही नको.

हे मी का सांगते? १९८९ साली माझा मुलगा साडेचार महिन्यांचा होता. तेव्हा मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना सांगायचे, बाळावरचा हात काढू नका. घरी एका सकाळी आंघोळीनंतर त्याला जेवणाच्या टेबलावर निजवलं आणि कुंची घ्यायला मागे वळले. कुंची दोन पावलांवर खुर्चीवर होती. त्याआधी तो कधी कुशीवर वळला नव्हता, त्या दिवशी पहिल्यांदा वळला. खांद्याजवळचं हाड मोडलं. तीन आठवड्यांत भरून आलं, आज तो दोन मुलांचा बाप आहे. पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

म्हणून बाळाला निजवण्याआधी सगळं हाताशी हवं : कोमट पाणी, कापूस, दुपटं, लंगोट, झबलं. पेटीच्या शेजारी भिंतीला एक लहान फळी ठोकून घे, त्यावर हे मावतं. पावडरचा डबा तिथे ठेवूच नकोस, ती नाकातोंडात जाते आणि बाळाला तिची गरजही नसते. एक हात सतत बाळाच्या पोटावर. दाराची बेल वाजली, फोन वाजला, तर वाजू दे, किंवा बाळाला उचलून घेऊन जा. पट्टा लावलास तरी हात काढायचा नाही. आणि एवढं करूनही कधी पडलंच, तर रडणं थांबलं म्हणून घरी बसू नकोस. उलटी, गुंगी, दूध न ओढणं, टाळूवर सूज, यातलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला डॉक्टरकडे जा.

रात्री, विशेषतः पावसात वीज गेली असेल आणि तू झोपेने पेंगत असशील, तर टेबल विसर. पलंगाशेजारी जमिनीवर जाड गादी घालून ठेव आणि तिथेच बदल. तुझ्या यजमानांना रात्रपाळी असेल त्या आठवड्यात पहिला महिनाभर सासूबाईंना किंवा आईला राहायला बोलाव. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ पालथं पडू लागलं की टेबल पुरतं बंद. तोपर्यंत तुझे टाके भरलेले असतील. पेटीचे स्क्रू काढले की कपाट पुन्हा कपाट, बाळाचे कपडे ठेवायला. साडेनऊ हजारांच्या टेबलाचं सहा महिन्यांनी काय केलं असतंस?

प्रश्न : चवथीला मुलगी पाच महिन्यांच्या नातीला घेऊन पुण्याहून आठ दिवस येणार आहे. तिच्याकडे असं टेबल आहे, म्हणून आम्हीही आणावं का? आमचं घर जुनं, चिऱ्याचं आहे.
– एक आजोबा, फोंडा

उत्तर : आणू नका, आजोबा. नात पाच महिन्यांची, म्हणजे लोळायला लागलेली. तिला आता जमीनच बरी. त्याच पैशांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक चांगली जाड गोधडी आणि दोन मेणकापडं आणून ठेवा. चवथीच्या दिवसांत जुन्या घराची जमीन गार आणि दमट असते, तेव्हा खाली आधी चटई घाला. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या, खाली मात्र तिला निजवू नका, वरून फळं सुटतात. आणि देवापुढच्या समया तिच्या हाताच्या उंचीवर येणार नाहीत, एवढं आदल्या दिवशी बघून ठेवा.