म्हशींच्या मागून चाल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अहवालाचा मसुदा आणि उपग्रहावरून केलेला कच्छमधल्या बन्नी कुरणाचा नकाशा मिळाला. नकाशात हिरवा रंग भरभरून आहे आणि त्याखाली तू लिहिलं आहेस, 'वनस्पती आच्छादनात लक्षणीय सुधारणा'. मग शेवटच्या पानामागे पेन्सिलीनं एक ओळ: 'काका, वेडी बाभूळ काढा म्हणू की राहू द्या म्हणू? मला खरंच कळत नाहीये.' सगळ्या मसुद्यात मला तेवढी एकच ओळ मनापासून लिहिलेली वाटली. हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

आधी तो हिरवा रंग. भर मे महिन्यात बन्नीतलं गवत वाळून मातीच्या रंगाचं होतं. जिंजवो म्हणजे आपलं मारवेलच. ते आणि धामण, दोन्ही तेव्हा मुळांत जीव धरून पावसाची वाट बघत असतात. त्या दिवसांत वरून जे हिरवं दिसतं, त्यातलं बहुतेक गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. तू जिला सुधारणा म्हणालीस, तिथे तिच्याखाली गवत मेलेलं आहे. नकाशा तुला हे सांगणार नाही. म्हशींच्या मागून चाललीस तर पहिल्याच रात्री कळेल.

अकरा दिवस राहिलीस ना तिथे? होडको, धोरडो, भिरंडियारा, सगळीकडे जाऊन आलीस. बैठका घेतल्यास, प्रश्नावल्या भरून आणल्यास. एक रात्र तरी कळपामागे गेलीस का? मसुद्यात तसं कुठे दिसत नाही. 'बन्नी म्हैस प्रामुख्याने रात्री चरते' एवढं एक वाक्य लिहून तू मोकळी झालीस. अगं, सगळं तर त्या वाक्यातच आहे! संध्याकाळी म्हैस वस्तीवरून निघते, दिवसाचा ताप टाळून अंधारात कित्येक किलोमीटर चरत फिरते आणि सकाळी धारेच्या वेळेला आपण होऊन परत येते. पुष्कळदा सोबत गुराखीही नसतो. कुठल्या खोलगटात ओल टिकलीय, कुठल्या पट्ट्यात खार वर आलाय, कुठे बाभळीची जाळी इतकी दाट झालीय की अंग शिरत नाही, हे तिला ठाऊक असतं. २०१० साली या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ती जात या रात्रीच्या चालण्यातून आणि मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पारखीतून घडली आहे. तिला न बघता तिच्या कुरणावर शिफारस करायची म्हणजे काय?

दुसरं. इतिहासाचं प्रकरण तू वेगळं काढलंस आणि निसर्गाचं वेगळं. बन्नीत असं करता येत नाही. सिंधकडून आलेले जत, मुतवा, हालेपोत्रा हे मालधारी समाज इथे राहिले ते गवतामुळे. कच्छ संस्थानाच्या काळात इथे नांगर घालायला मनाई होती, चराईचा कर मात्र द्यावा लागे. तूप सिंधला जायचं, दुष्काळात कळपही तिकडेच जायचे. १८१९ च्या भूकंपात अल्लाह बंद हा जमिनीचा लांबलचक उंचवटा वर आला आणि सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याचं उरलंसुरलं पाणी अडलं. १९४७ ला सरहद्द आली आणि कळपांची वाट अडली. पुढे दक्षिणेकडून येणाऱ्या नद्यांवर धरणं झाली, बन्नीत पसरणारं गोडं पाणी घटलं. आणि १९५५ साली बन्नी 'संरक्षित वन' ठरली. वन! सुमारे २५०० चौरस किलोमीटरचं कुरण, आशियातल्या मोठ्या कुरणांपैकी एक, आणि कागदाला त्यासाठी शब्द सापडला तो हा. एकदा वन म्हटलं की झाडं कमी आहेत असं वाटणारच. १९६१ मध्ये कच्छचं खारं रण पुढे सरकू नये म्हणून ३१,५५० हेक्टरवर वेडी बाभूळ लावली. हे झाड मुळात अमेरिका खंडातलं. तिथून पुढे ती किती पसरली, ते तुझाच नकाशा दाखवतो.

आता तुझा प्रश्न. काढा म्हणावं की नको?

तिथली कांकरेज गाय बाभळीच्या शेंगा फार खाते आणि आजारी पडते. म्हणून मालधारी गाईंकडून म्हशींकडे वळत गेले. म्हशीला शेंगा पचतात. गवत नसलेल्या वर्षी त्याच शेंगांवर कळप तगतात. पण बी पोटातून अख्खं बाहेर पडतं. शेणाच्या जुन्या पोहावर नीट बघ, त्यातून बाभळीची रोपं वर आलेली असतात. कुरणावर जगणारं जनावरच कुरणाच्या वैऱ्याचं बी पेरत चाललंय. दुसरीकडे कित्येक घरांची चूल बाभळीच्या कोळशावर आहे. कोळसा करायची बंदी २००४ मध्ये उठली आणि २००८ मध्ये पुन्हा आली. हे सगळं तुझ्या कोष्टकात आहे, मला माहीत आहे. पण कोष्टकात ते शेजारी-शेजारी बसलेलं आहे, म्हणून तुला वाटतं की दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या आहेत आणि 'समतोल धोरण' असं लिहून सुटता येईल. त्या शब्दाचा मला राग येतो. मी तो आयुष्यभर वापरलाय.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. १९८४ साली मी २३ वर्षांचा होतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळरानावर याच झाडाचं बी टाकत हिंडत होतो. पिशव्या भरून. शाळेतली मुलं सोबत घेऊन. अभिमानानं. तो माळ आम्हाला ओसाड वाटत होता, आमच्या कागदांत त्याला 'पडीक' म्हणायचे. धनगरांची एक वाट त्यातून जायची. एक म्हातारे धनगर दोन दिवस आमच्याकडे बघत उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, मेंढरं कुठं न्यायची? मी त्यांना झाडांचे फायदे समजावून सांगितले. मी, त्यांना.

आमचं चुकलं असं आज म्हणणं सोपं आहे. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा लोकांच्या अंगावरून गेलेला होता. बायका सरपणासाठी कोस-कोस चालत होत्या, आणि त्या बाभळीनं त्यांची चूल पेटवली हे मी आजही ठामपणे म्हणेन. गवत मोजायची तेव्हा पद्धतच नव्हती, मोजायचं ते झाड. आम्ही आळशी नव्हतो की अप्रामाणिक नव्हतो. पण त्या म्हाताऱ्यांच्या मागून एक दिवस, फक्त एक दिवस मेंढरं वळत चाललो असतो, तर त्या माळावर मारवेल आणि पवन्या आहे, टिटवी तिथे जमिनीवर अंडी घालते, माळढोकाला मोकळं रान लागतं, हे मला दिसलं असतं. मी चाललो नाही. मला काम उरकायचं होतं. मागच्या वर्षी तिथे गेलो तेव्हा आत शिरताच आलं नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि कंटाळलीस तरी सांगेन: म्हशींच्या मागून चाल.

चालत गेलीस की विरडे दिसतील. तू त्यांचा उल्लेख 'पारंपरिक जलस्रोत' असा केलास, आणि पुढे गेलीस. पावसाचं पाणी जिथे साचतं त्या खोलगट तळात मालधारी उथळ खड्डे खणतात, आत लाकडाची चौकट आणि गवत लावून. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे जड. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगून राहतं. हळूहळू उपसलं तर महिनोन्‌महिने गोडं मिळतं, हावरेपणानं उपसलं तर खार वर येतो. कुठे खणायचं ते जनावरांच्या पाठीमागे आयुष्य काढलेल्या माणसांना कळतं.

पक्ष्यांचं प्रकरण मात्र तुझं उत्तम आहे. फुलायजवळ पिलूच्या फळांवर येणारा हायपोकोलियस, छारी ढंढच्या पाणथळीतले क्रौंच, गवतात जमिनीवर रात्र काढणारे भोवत्ये, सगळं प्रेमानं लिहिलंस. तिथे तू खरोखर बसली होतीस, ते वाचताना कळतं. भोवत्यांसाठी थंडीत पहाटे उठलीस, मग म्हशींसाठी एक रात्र का नाही?

माझं मत विचारशील तर, काढा म्हण. पण तुकड्या-तुकड्यानं, मुळासकट, नुसती छाटून नको, कारण छाटली की ती दुप्पट फुटते. उपटलेल्या जागी पावसानंतर गवत परत आलेलं आहे, ते तुकडे जाऊन बघ. आणि लगेच पुढचा प्रश्न विचार: मोकळी झालेली जमीन राखणार कोण? कारण बाभूळ गेली की नांगर येतो. कुंपणं घालून शेती झालीच, आणि २०२१ मध्ये हरित लवादाला ती अतिक्रमणं हटवायचा आदेश द्यावा लागला. मालधाऱ्यांची संघटना कित्येक वर्षं एकच गोष्ट मागतेय, कुरण सगळ्यांचं राहू द्या आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्याचा कारभार आमच्याकडे द्या. तुझ्या अहवालात ही मागणी तळटीपेत आहे. ती पहिल्या पानावर यायला हवी. पण माझं ऐकून हलवू नकोस. माझं मत माझ्या पश्चात्तापातून आलेलं आहे, तुझ्या पायांतून तुझं येऊ दे. तेव्हा ते माझ्या उलट असलं तरी मी एक शब्द बोलणार नाही.

मसुदा महिनाभर लांबव. वरिष्ठ रागावतील, रागावू देत. पावसाआधी जा, कारण पाऊस पडला की बन्नीच्या सपाटीवर पाणी उभं राहतं आणि चालणं होत नाही. अमावस्येच्या आसपास जाऊ नकोस, पहिल्या खेपेला चांदणं असलेलं बरं. ज्या घरी उतरशील तिथल्या आजींना आधी विचार, त्यांनी कळपातली कुठली म्हैस पुढे चालते ते दाखवलं की तिच्या मागे राहा, शेजारी नको. आणि चपला घालून जाऊ नकोस. वेडीचा काटा रबरी तळवा भेदून थेट पायात शिरतो. जाड तळव्याचे बूट घे, पैसे मी पाठवतो.

तुझा,
काका