आई-वडिलांना घेऊन पंढरपूर-तिरुपतीला निघताना पैसे आणि कागदपत्रे खिसेकापूंपासून कशी सांभाळावीत?

आपण विचारले आहे, की ७७ वर्षांचे वडील आणि ६८ वर्षांची आई यांना घेऊन आपण साताऱ्याहून एसटीने पंढरपूर, तेथून मिरज आणि मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपती असा प्रवास करणार आहात, सोबत रोख रक्कम, आधार कार्डे, बँकेची कार्डे असे सगळेच असेल, तर ते खिसेकापूंच्या हाती लागू नये म्हणून काय करावे. मी साताऱ्याचाच असून एसटीत ३१ वर्षे वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. चोर पकडणे हे माझे काम नव्हते, परंतु तिकिटाचे पैसे काढण्यासाठी खिशात हात घालणारा आणि तो हात रिकामाच बाहेर आणणारा प्रवासी मी इतक्या वेळा पाहिला आहे, की या विषयावर दोन शब्द अधिकाराने लिहिता येतील असे वाटते.

खिसा कापला जातो तो बहुतेक वेळा चालत्या गाडीत नव्हे, तर गाडीच्या दारात. गाडी फलाटाला लागताच आतले उतरायच्या आधीच बाहेरचे चढू लागतात, कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, आणि प्रवाशाचा एक हात दाराच्या दांडीला, दुसऱ्या हातात पिशवी व सगळे लक्ष आतल्या रिकाम्या बाकाकडे असते. त्याच क्षणी पायरीवरचा पुढचा माणूस चप्पल अडकल्यासारखा थांबतो, मागचा रेटा देतो, आणि ज्याच्या हातावर टॉवेल, वर्तमानपत्र किंवा रिकामी पिशवी आडवी असते तो तिसरा आपले काम उरकून घेतो. पाकीट त्याच्याजवळ राहतच नाही. ते लगेच चौथ्याच्या हाती जाते आणि तो चौथा गाडीत चढतच नाही. त्यामुळे संशयाने कोणाची झडती घेतलीच, तरी त्याच्या अंगावर बहुधा काहीही सापडत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही दारातून ‘पाकिटं सांभाळा’ असे ओरडत असे. पुढे एका जुन्या वाहतूक नियंत्रकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की तुम्ही ओरडता तेव्हा प्रवाशांकडे नीट बघा. मी पाहिले. माझे शब्द कानी पडताच प्रत्येकाचा हात आपोआप पैसे असलेल्या जागी जात होता, कोणाचा मागच्या खिशावर, कोणाचा छातीवर, आजीबाईंचा कमरेला. म्हणजे गर्दीत कोणाचे धन कोठे आहे हे मीच फुकटात दाखवून देत होतो. त्या दिवसापासून मी ‘आधी उतरू द्या’ एवढेच ओरडू लागलो. आपल्या आईंना आणि वडिलांना एवढी एकच गोष्ट समजावून सांगता आली तरी पुष्कळ आहे: पैसे जागेवर आहेत ना हे चारचौघांत चाचपून पाहायचे नाही. शंका आलीच तर बाकावर बसल्यावर, अंगावर शाल घेऊन पाहावे.

आता पैसे ठेवायचे कसे. वाहकाच्या गळ्यातली कातडी पिशवी आपण पाहिली असेल. दिवसभराची रोकड त्या पिशवीत घेऊन आम्ही दाटीवाटीच्या गर्दीत उभे असायचो, पण ती पाठीवर टाकलेला वाहक मला कधी दिसला नाही. ती पुढे, पोटाशी, डाव्या कोपराखाली असायची, आणि मोठ्या नोटा आतल्या कप्प्यात गेल्या की डेपोत हिशेब देईपर्यंत बाहेर निघत नसत. घरगुती प्रवासालाही हीच पद्धत लावावी. पाणी, चहा, रिक्षा, फुले-प्रसाद यांसाठी पाच-सातशे रुपये दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटांत आपल्या पुढच्या खिशात असावेत. ते गेले तर गेले, असे आधीच मनाशी धरावे. बाकीची रक्कम तिघांच्या अंगावर विभागावी, आणि तिला रस्त्यावर, दुकानात किंवा तिकीट खिडकीसमोर मुळीच हात लावू नये. वरचे पैसे संपले तर मुक्कामाच्या खोलीत, दार लावून, आतल्यातून वर भरावेत. सगळी रक्कम ‘सुरक्षित’ म्हणून एकट्या आईंच्या पर्समध्ये ठेवणे हा आपल्याकडचा रिवाज आहे, आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

आतल्या रकमेसाठी बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांपेक्षा चोरखिसा केव्हाही चांगला. मोती चौकाच्या आसपास कोणत्याही शिंप्याला सांगितले तर तो वडिलांच्या कोपरीला किंवा बंडीला आतल्या बाजूने खिसा शिवून देईल. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. एकदा दुमडली की ती चार इंच रुंद व पाच इंच खोल खिशात आरामात बसते, आणि आधार कार्डाचे प्लास्टिकचे छोटे रूपही त्यातच मावते. खिशाचे तोंड अंगाच्या बाजूला असावे, वर झाकण आणि साधे बटण असावे. चेन शक्यतो नको, कारण ती टोचते आणि मग माणूस सारखा तेथे हात नेतो. नोटा घामाने भिजतात, म्हणून त्या लहान प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात. आई नऊवारी नेसत असतील तर कनवटीसारखी (कमरेला खोवलेल्या लुगड्याच्या घडीसारखी) दुसरी जागा नाही, मात्र तिच्यात नुसत्या नोटा न खोवता छोटा बटवा घालून तो आतून सेफ्टी पिनने अडकवावा. पाचवारी असेल तर परकराला आतून खिसा शिवावा. मंगळसूत्र आणि पाटल्या प्रवासात घरीच ठेवाव्यात असे मी सांगेन, पण हे ऐकले जात नाही हेही मला ठाऊक आहे. निदान गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत असू द्यावी.

खिशांपैकी सर्वांत वाईट तो पँटचा मागचा खिसा. शर्टाच्या वरच्या खिशातला मोबाईल तर चोराची वाटही पाहत नाही, बाकाखाली पिशवी सरकवायला वाकलात की तो स्वतःच खाली पडतो.

कागदपत्रांकडे मी पैशांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहतो, आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. भाचीच्या लग्नासाठी मी साध्या वेशात, प्रवासी म्हणून सांगलीला निघालो होतो. नोकरीवरचे सगळे नियम त्या दिवशी मी घरी ठेवून आलो होतो. पाकीट मागच्या खिशात, आणि त्यात साडेसातशे रुपये, वाहकाचा परवाना व बिल्ला. सांगलीला उतरून चहाचे पैसे द्यायला हात मागे नेला तेव्हा खिसा तीन बाजूंनी ब्लेडने कापलेला होता आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. पैसे मी आठवडाभरात विसरलो. परवाना आणि बिल्ला पुन्हा मिळवण्यासाठी मात्र दाखले, अर्ज, शुल्क आणि रजा यांत जवळजवळ दोन महिने गेले, आणि तोवर सहकाऱ्यांची थट्टा ऐकावी लागली ती वेगळीच.

म्हणून निघण्याआधी सगळी कागदपत्रे टेबलावर मांडून प्रत्येकाला ‘हे नेमके कोठे दाखवावे लागणार आहे?’ असा प्रश्न विचारावा. पॅन कार्ड, पासबुक, मतदार ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेचे कार्ड यांना या प्रवासात काही काम नाही. ती घरी राहू द्यावीत. एसटीत ७५ वर्षांपुढील नागरिकांना राज्यात मोफत प्रवास आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे वडिलांचे वय दाखवणारे आधार कार्ड वाहकाला दाखवावे लागेल. ज्येष्ठ मंडळी ते वरच्या खिशात, बसच्या तिकिटांसोबत आणि दोनचार नोटांसोबत दुमडून ठेवतात, आणि ते दाखवण्यासाठी दारातच काढतात. ते एका वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात असावे, त्यात पैसे अजिबात नसावेत, आणि जागेवर बसल्यावरच काढावे. वाहक जागेवर येतो. त्याच्यासाठी दारात थांबण्याचे कारण नाही.

रेल्वेत एका तिकिटावरील प्रवाशांपैकी एकाने ओळखपत्र दाखवले तरी पुरते, आणि डिजिलॉकर या सरकारी ॲपमधील आधार किंवा वाहन परवाना रेल्वे मान्य करते. मात्र तो सरकारी खात्याकडून डिजिलॉकरमध्ये थेट आलेला असावा लागतो. आपण स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत चालत नाही. तिरुमलेला मात्र गाडी वेगळ्या वळणावर जाते. दर्शनाचे आरक्षण ज्या ओळखपत्रावर केले तेच मूळ ओळखपत्र तेथे मागतात, आणि मोबाईल मंदिरात नेता येत नसल्याने तो आधी जमा करावा लागतो, म्हणजे डिजिलॉकरचा उपयोग तेथे संपतो. शिवाय ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाला पुरुषांनी धोतर किंवा पायजमा अशा पारंपरिक वेशात यावे लागते. धोतराला खिसा नसतो. ऐन वेळी आधार, खोलीची किल्ली आणि पैसे हातात धरून रांगेत उभे राहण्यापेक्षा, आपल्या आजोबांच्या कमरेला असे तसा कापडी कसा, म्हणजे कमरेला बांधायची पैशांची पिशवी, घरूनच शिवून न्यावा आणि धोतराच्या आत बांधावा. पंढरपुरात चंद्रभागेच्या स्नानाला हीच अडचण उलट बाजूने येते, कारण तेथे कपडे आणि पिशव्या वाळवंटात ठेवून पाण्यात उतरावे लागते. तिघांपैकी एकाने नेहमी काठावर बसावे, शेजारच्या अनोळखी माणसाला ‘जरा लक्ष ठेवा’ असे सांगून जाऊ नये.

रेल्वेच्या रात्रीसाठी फार सांगण्यासारखे नाही. मोठ्या बॅगा बाकाखालच्या कड्याला साखळीने बांधाव्यात, लहान पिशवी उशीसारखी डोक्याखाली घ्यावी, आणि स्थानक आले की खिडकीजवळ मोबाईल धरून बोलत बसू नये.

मोबाईलवर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण आज खरे पाकीट तोच आहे. मोबाईल चोरणारा पुष्कळदा सिम काढून दुसऱ्या मोबाईलमध्ये घालतो, आणि मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. यासाठी सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावावा. आपल्या कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला तर सिम बंद होते आणि ते पुन्हा उघडण्यासाठी कंपनीकडून मिळणारा पीयूके क्रमांक मागते. पडदा बंद असताना संदेशातील मजकूर दिसणार नाही अशी सोय करावी. यूपीआय लाइटमध्ये १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न मागता होतो, म्हणून प्रवासापुरते त्यात थोडीच रक्कम ठेवावी. बँकेच्या कार्डाने नुसते यंत्राला टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय खरेदी होऊ शकते. ही सोय बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी बंद करावी. आणि कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिण्याची वडीलधाऱ्यांची सवय प्रेमाने, पण ठामपणे मोडावी.

एवढे करूनही चोरी झालीच, तर पहिली पंधरा मिनिटे आरडाओरड्यात घालवू नयेत. आधी बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करावे, तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्यावी; रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते, त्यामुळे ती वेळ महत्त्वाची असते. मग सिम बंद करावे. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. रेल्वेगाडीत असाल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर किंवा तिकीट तपासनिसाकडे तक्रार करता येते, त्यासाठी उतरावे लागत नाही. पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ अशी नोंद करून देण्याकडे कल दिसला, तर नम्रपणे चोरीचीच फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोणाच्या हद्दीत घडली हे न पाहता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. त्या प्रतीवरूनच पुढे सीईआयआर या चोरीच्या मोबाईलसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर मोबाईल बंद करवता येतो, मात्र त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. तो आजच *#०६# दाबून एका कागदावर लिहून ठेवावा.

त्याच कागदावर बँकेचा मदत क्रमांक आणि घरच्या दोघांचे क्रमांक असावेत, आणि त्याच्या तीन प्रती तिघांच्या अंगावर असाव्यात, कारण मोबाईल गेल्यावर स्वतःच्या मुलाचा क्रमांकही आठवत नाही अशी माणसे मी दारात उभी पाहिली आहेत. आधार कार्डाच्या पाकिटातही घरचा क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी टाकावी. चोराला नोटा हव्या असतात, कागद नको असतात. तो पाकीट रिकामे करून ते मागच्या बाकाखाली, फलाटाच्या कोपऱ्यातल्या कचरापेटीत किंवा स्वच्छतागृहात टाकून देतो. गाडी डेपोत लावल्यावर झाडताना अशी पाकिटे मला अनेकदा मिळाली, आणि ज्यांत क्रमांक होता त्यांच्या मालकांना मी त्याच रात्री फोन केला.